काळ्या मातीतलं घर आणि दोनदा राहिलेला पेपर

पत्र थोडक्यात: लिहिणारी मुलगी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची. घरी कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. पॉलिटेक्निक करून तिने सिव्हिलच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि अमरावतीला खोली करून राहते. मृदा यांत्रिकी, म्हणजे सॉइल मेकॅनिक्सचा पेपर दोनदा राहिला. सूत्रं पाठ होतात, पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही. मैत्रिणी म्हणतात, हे सोड आणि कोडिंगचा कोर्स कर. साइटचं काम मुलींचं नाही, असं मामा म्हणतात. दुसरीकडे दिवाळीनंतर भावाचं लग्न ठरलंय, म्हणून बाबांना घराला दोन खोल्या जोडायच्या आहेत. आठ वर्षांपूर्वीच्या घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत. ‘उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या होतात आणि पोळ्याच्या सुमारास बऱ्याचशा मिटतात,’ असं ती लिहिते. मिस्त्री म्हणतात, ‘काया मातीत घर मंजे भेगा आल्याच. चार फूट खोदू, मुरूम टाकू.’ बाबांनी तिला विचारलं, ‘तू इंजिनिअर होऊन राहिली, तूच सांग पाया किती घ्यायचा.’ तिला सांगता आलं नाही. तिचे प्रश्न असे: विषय सोडू का, क्लास लावू का, आणि बाबांना काय सांगू?

---

तू पत्रात वर पेपरचा प्रश्न लिहिलास, खाली घराचा, आणि मधे आडवी रेघ मारलीस. मला ती रेघच पटली नाही. पण आधी घराचं घेतो, कारण पाया लग्नाआधीच खोदला जाणार आहे आणि परीक्षा त्याच्याही पुढे आहे.

बाबांना आकडा देता आला नाही याची तुला लाज वाटली. माझ्या मते नाही दिलास ते बरं केलंस. खड्डा न घेता, मातीचा नुसता रंग पाहून फुटांत उत्तर देणाऱ्या इंजिनिअरकडून मी गोठासुद्धा बांधून घेणार नाही. शिवाय तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने घराच्या पायाची जबाबदारी अंगावर घ्यायची नसते. ती सही तालुक्याच्या ठिकाणच्या अनुभवी अभियंत्याची हवी. तुझं काम वेगळं आहे. त्या माणसासमोर माहिती ठेवायची आणि योग्य प्रश्न विचारायचे. तेवढं तू आज करू शकतेस. दोनदा नापास झालेली असलीस तरी.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य पोळ्याचं आहे. घर वजनाने खचत असतं तर भेग एकाच दिशेने वाढत गेली असती. ती उघडते आणि मिटते, म्हणजे खालची जमीन दरवर्षी वरखाली होते आहे. मिस्त्रींचं निरीक्षण खोटं नाही. त्यांनी त्यातून काढलेला अर्थ, की याला इलाज नाही, तो मात्र खोटा आहे.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झाली. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. त्या झिजेतून तयार झालेल्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे अतिशय पातळ थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि पाणी थेट त्या पानांच्या मधे शिरतं. म्हणून माती फुगते आणि पाणी गेलं की आकसते. एप्रिलमध्ये वावरात ज्या भेगांत बैलाचा पाय अडकतो, त्याच भेगा घराच्या बाहेरच्या कडेलाही पडतात. घराच्या मधोमध, छपराखाली, ओल बऱ्यापैकी टिकून राहते. कडा मात्र वाळतात, कोपरे खाली बसतात आणि भिंत आपल्या कमजोर जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यातून, तिरपी फाटते. पावसाळ्यात कडा पुन्हा फुगतात, भेग मिटते. सगळी कधीच मिटत नाही, कारण तोवर तिच्यात गिलाव्याचे खडे पडलेले असतात.

यातच एक गैरसमज दडलेला आहे आणि तो शिकलेल्या लोकांतही सर्रास दिसतो. ‘दोनच खोल्या, वर स्लॅबही नाही, एवढ्या हलक्या घराला खोल पाया कशाला?’ काळ्या मातीत गोष्ट उलटी आहे. माती फुगताना वर ढकलते. जड इमारत तो जोर दाबून धरू शकते, टिनाचं छप्पर असलेली खोली नाही. हलक्या घरालाच जास्त जपावं लागतं. म्हणजे इथे प्रश्न माती वजन पेलेल का एवढाच नाही. ती किती हलेल, हा खरा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न तुझ्या पुस्तकात आहेत, वेगवेगळ्या धड्यांत. त्यामुळे ते एकाच घराचे आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता काय करायचं ते. नव्या खोल्यांच्या जागी, जुन्या पायापासून हातभर नव्हे, चांगलं दूर, एक खड्डा घ्या. काळी माती किती फुटांवर संपते आणि मुरूम कुठे लागतो ते टेपने मोजून लिहून ठेव. विदर्भात हे अंतर गावागणिकच काय, एका शिवारातही बदलतं. टेकाडाला हातभर खाली मुरूम लागतो आणि नाल्याकाठी दोन-तीन पुरुष खोल काळीच काळी. खड्ड्याआधी शेजारपाजारी ज्यांनी विहीर खणली त्यांना विचार. विहिरीच्या कडेला थर उघडे दिसतात. तो फुकटचा बोअर लॉग, म्हणजे किती खोलीवर कोणता थर लागतो याची नोंद, आहे. खोल खड्ड्यात मात्र एकटीने उतरू नकोस. काळ्या मातीच्या कडा सांगून ढासळत नाहीत.

मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर मिस्त्रींचा सल्ला बराचसा बरोबर ठरतो, फक्त ‘चार फूट’ हा आकडा काढून टाकायचा. पक्का मुरूम लागेपर्यंत जायचं आणि पाया त्यावर बसवायचा. चर भरताना उकरलेली काळी माती परत टाकायची नाही. न फुगणारा मुरूम थराथराने, पाणी मारून, ठोकून भरायचा. वाळू स्वस्तात मिळतेय म्हणून वाळूचा जाड थर देऊ नका. वाळूतून पाणी आरामात पायाखाली जातं आणि तिथेच साठतं.

काळी माती खोलवर असेल तर हिशेब बदलतो. ऋतूप्रमाणे ओल कमीजास्त होणारा थर ओलांडून खाली जावं लागतं. यासाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात जमिनीत खोल जाणाऱ्या, तळाशी फुगा असलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांची पद्धत विकसित केली. त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. फुग्याचा व्यास साधारणपणे खुंटीच्या अडीच पट असतो, आणि खोल फुगणाऱ्या मातीत भारतीय मानकानुसार त्यांची लांबी किमान ३.५ मीटर धरतात. वरची माती फुगली तरी फुगा खाली अडकलेला असतो, म्हणून घर उचललं जात नाही. खुंट्यांवरची तुळई जमिनीला टेकवायची नाही, खाली मोकळी फट ठेवायची, नाहीतर माती तुळईलाच वर ढकलते. ही भोकं हाताने चालवायच्या ऑगरनेही, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटानेही, घेता येतात. तुमच्या भागात ते काम येणारा कोणी आहे का, हे अभियंत्याला पहिल्याच भेटीत विचार. नसेल तर कागदावरची पद्धत कागदावरच राहते आणि मग किती काळी माती काढून किती मुरूम भरायचा, याचा दुसरा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्यावा लागेल. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर, साधारण मीटरभर, दिला तर खालचं फुगणं बरंच आटोक्यात येतं. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरतात. मी कालव्यांच्या कामांवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे या थराविषयी मला थोडी जास्तच माया आहे, ती वजा करून वाच.

दोन गोष्टी मिस्त्रींशी वाद झाला तरी सोडू नकोस. एक, नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंफायची नाही. दोन पाये वेगवेगळे हलणार, म्हणून मधे सलग उभा सांधा सोडायचा. दुसरी गोष्ट पाण्याची. तू लिहिलंस की नहाणीचं पाणी मागच्या भिंतीलगतच जिरतं आणि पुढच्या कोपऱ्याला कडुनिंब आहे. म्हणजे घराची एक बाजू बारमाही ओली आणि दुसरीकडची ओल झाड शोषतंय. भेगांसाठी याहून चांगली सोय कोणी मुद्दाम करू शकलं नसतं. पाणी पाइपने दूर न्या, घराभोवती बाहेर उताराची पाच-सहा फूट रुंद फरसबंदी करा. कडुनिंब एकदम तोडू नका. झाड अचानक गेलं तर वाळलेली माती ओल धरून फुगायला लागते. त्यापेक्षा नव्या खोल्यांची जागाच झाडापासून लांब धरा.

तोवर एक काम फक्त तुझं. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण कर, शेजारी तारीख लिही आणि मधली रुंदी मोजून वहीत टाक. दर महिन्याला. अभियंत्याला हा तक्ता दिलास तर तो तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आता तुझ्या पत्रातल्या वरच्या, म्हणजे पेपरच्या प्रश्नाकडे. तू धरून चालली आहेस की दोनदा नापास म्हणजे या विषयाची बुद्धी नाही. तुझ्या पत्रावरून मला दिसतं ते असं, की तुला विषय शेवटाकडून शिकवला गेला. आधी सूत्र, मग आकडेमोड, आणि माती सेमिस्टर संपताना प्रयोगवहीत, तीही सीनियरच्या वहीतून उतरवलेली. (नाही म्हणू नकोस. सगळीकडे तसंच चालतं.)

एक डबा ओली माती घे. समज, ती १२६ ग्रॅम भरली. कॉलेजच्या ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर चोवीस तास ठेवलीस, १०० ग्रॅम उरली. म्हणजे पाणी २६ ग्रॅम, जलांश २६ टक्के. मातीच्या कणांची सापेक्ष घनता २.७ धर. मग १०० ग्रॅम कणांना जागा लागली ३७ घनसेंटिमीटर. पाण्याने व्यापली २६. मातीत हवा अजिबात नसेल तर पोकळी तेवढीच, म्हणजे पोकळी-गुणोत्तर २६ भागिले ३७, सुमारे ०.७. आता तुझं पाठ केलेलं सूत्र काढ, ‘एस गुणिले ई बरोबर डब्ल्यू गुणिले जी’. एस म्हणजे पोकळीतला पाण्याचा वाटा (हवा नाही, म्हणून इथे १), ई पोकळी-गुणोत्तर, डब्ल्यू जलांश आणि जी कणांची सापेक्ष घनता. आकडे घालून बघ, ०.७ च येतं. सूत्र न आठवता तू उत्तर काढलंस. पहिल्या धड्यातली सगळी गणितं एवढीच आहेत: कण, पाणी, हवा, कोणाचं वजन किती आणि कोणी किती जागा अडवली. प्रत्येक गणिताआधी तीन खणांची चौकट काढ आणि भरत जा.

दुसरा धडा तुला बाबांनी कधीच शिकवलाय. पाऊस उघडल्यावर ते वावरात जाऊन मूठभर माती दाबतात, गोळा फुटतो का पाहतात आणि वापसा आला की नाही ते ठरवतात. प्रयोगशाळेत तू काचेवर मातीची वळी वळतेस, ३ मिलिमीटर जाडीला ती तुटायला लागली की जलांश काढतेस आणि त्याला प्लॅस्टिक लिमिट म्हणतेस. मशागतीची उत्तम ओल साधारणपणे त्या मर्यादेच्या किंचित खाली असते. या मर्यादा १९११ च्या सुमारास मांडणारा अल्बर्ट अटरबर्ग हा स्वीडिश माणूस मुळात रसायनशास्त्रज्ञ होता आणि त्याचं काम शेतीच्या मातीवर चाललं होतं. सिव्हिलवाल्यांनी त्या नंतर उचलल्या. कासाग्रांडेची वाटी म्हणजे ठोके देत माती तपासायचं उपकरण; तिच्यातल्या मातीत पाडलेली खाच ज्या जलांशाला २५ ठोक्यांना मिटते, ती लिक्विड लिमिट. आपल्या काळ्या मातीत ती बहुतेक वेळा ५० टक्क्यांच्या वर जाते. दोन मर्यादांमधलं अंतर जितकं मोठं, तितकी माती पाण्याबरोबर जास्त खेळणार. रस्त्याचा भराव दाबतानाची ‘ऑप्टिमम मॉइश्चर’, म्हणजे माती सगळ्यात घट्ट दाबली जाते ती ओल, जी प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ मध्ये मांडली, तीही चिकणमातीत बहुधा प्लॅस्टिक लिमिटच्या आसपासच सापडते. बाबांची मूठ घेऊन कॉलेजात जा, असं मी म्हणत नाही. पण वळी तुटताना बोटांना काय जाणवतं ते लक्षात ठेव. पेपरात आकडा विसरलीस तरी अंदाज चुकणार नाही.

घरच्या मातीची फुगण्याची परीक्षा तर करच. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती, १० ग्रॅमचे दोन भाग. १०० मिलिलिटरच्या दोन मापनळ्या, एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड पाणी. ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेला. समज, रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर दिसली आणि पाण्यात १९, तर फरक ८, भागिले ११, म्हणजे ७३ टक्के. पन्नासच्या पुढे गेली की पायाचा विचार जपून करायचा. हा आकडाही अभियंत्याच्या हातात दे.

मग येतो विषयाचा कणा, इफेक्टिव्ह स्ट्रेस, म्हणजे मातीच्या कणाकणांमधला दाब. इथे बहुतेक मुलं गळतात. पाच मीटर खोलीवर, माती पूर्ण भिजलेली, वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धर. वरचा एकूण दाब १०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत आलं असेल तर फटींतल्या पाण्याचा दाब ४९. कणांनी एकमेकांना घट्ट धरण्यासाठी उरले ५१. मातीची ताकद मुख्यतः या ५१ वर अवलंबून आहे, १०० वर नाही. पावसात वरचं वजन फारसं बदलत नाही, पण पाणी वर चढलं की पकड जवळपास निम्मी होते. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण अतिवृष्टीत दरडीखाली गेलं, ते समजून घ्यायलाही याच वजाबाकीपासून सुरुवात करावी लागते. ही वजाबाकी मांडणारा कार्ल टर्झागी १९२५ मध्ये व्हिएन्नात पुस्तक छापून या विषयाचा पाया घालून गेला. त्याआधी इस्तंबूलमध्ये शिकवताना त्याच्याकडे धड प्रयोगशाळा नव्हती. कॉलेजच्या भंगारातलं सामान जमवून त्याने उपकरणं केली. तुमच्या प्रयोगशाळेतलं ट्रायॲक्सिअल यंत्र, म्हणजे मातीची ताकद मोजायचं यंत्र, बंद आहे, ही तुझी तक्रार खरी आहे. पण वळी, वाटी, चाळणी आणि मापनळी तरी चालू असतीलच.

कन्सॉलिडेशनमध्ये, म्हणजे वजनाखाली पाणी निघून माती बसण्याच्या धड्यात, एकच गोष्ट डोक्यात बसव: चिकणमातीतून पाणी फार सावकाश निघतं, म्हणून बसणंही सावकाश. थर दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट लागतो. शिअर स्ट्रेंग्थला, म्हणजे माती घसरण्याला किती विरोध करते त्या धड्याला, मोहरचं वर्तुळ (दाबांची आकृती) हाताने, कंपासने काढ. मोबाइलवर पाहून ते येत नाही.

याच कोंडीत अडकलेल्या बाकीच्यांसाठी इथेच लिहितो. घरी बांधकाम नसलं म्हणून अडत नाही. अकोला-दर्यापूरच्या खारपाण पट्ट्यातल्या मुलांनी वावरातलं एक कोरडं ढेकूळ डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडावं. न ढवळता भोवती गढूळ ढग पसरला तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी वाहून जाते, शेततळ्याचा बांध आतून पोखरते. भंडारा-गोंदियाकडच्यांना मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ आहे. बाहेरच्या पायथ्याशी पाणी कुठे पाझरतं, स्वच्छ येतं की माती घेऊन, ते पावसाळ्यात पाहून यावं, सीपेजचा (पाझराचा) धडा निम्मा झाला. कन्हार, मोरंड, खरडी, बरडी ही मातीच्या प्रकारांची नावं घरी विचारावीत आणि प्रत्येकीची चाळणी करून मानकातल्या वर्गवारीत ती कुठे बसते ते शोधावं. प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांना मी हाच देतो.

कोडिंगचं थोडक्यात. आवडत असेल तर जरूर शीक. या क्षेत्रातही गणनेला ते लागतंच. मातीचा पेपर राहिला म्हणून तिकडे पळू नकोस, तिथेही पहिल्याच महिन्यात काहीतरी अडेल. मामांना सांग की मातीच्या चाचण्या, नमुने, अहवाल यांचं मोठं काम प्रयोगशाळेत आणि टेबलावर चालतं, आणि साइटवर उभ्या राहणाऱ्या मुलीही आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. तुला स्वतःला साइट नको असेल तर ती वेगळी गोष्ट, तिचा विचार कर. मामांच्या नकोशीला तुझी समजू नकोस. कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षांत आणि गेटमध्ये (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत) हा विषय असतोच, तेव्हा आत्ता टाळलास तरी तो पुढच्या वळणावर उभा आहे.

राहिला क्लास. पहिल्या तीन-चार धड्यांसाठी पैसे घालवू नकोस. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, इंग्रजी जड गेलं तर थांबवून थांबवून ऐक आणि वहीत मराठीत उतरव. मागच्या पाच-सहा परीक्षांचे पेपर घेऊन गणितं धड्यांप्रमाणे वेगळी कर. कन्सॉलिडेशन आणि शिअरला महिनाभर स्वतः झगडूनही अडलं, तर तेवढ्यापुरता क्लास लाव आणि पूर्ण वर्षाची फी एकदम भरू नकोस.